ऑनलाइन सायमल खेळताना लॅग नेमका कुठे वेळ खातो आणि तो कसा आवरायचा

सायमल म्हणजे एकाच खेळाडूने, म्हणजे यजमानाने, एकाच वेळी अनेकांशी वेगवेगळ्या पटांवर बुद्धिबळ खेळणं. प्रत्यक्ष सायमलमध्ये बहुतेक वेळा घड्याळ नसतंच. यजमान पटांच्या रांगेसमोरून चालत जातो, एका पटावर एक चाल करतो आणि पुढे सरकतो. तो समोर येऊन उभा राहिला की प्रतिस्पर्ध्याने आपली चाल करायची, एवढाच नियम. बॉबी फिशर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या हॉलीवूड इथे असाच ५० जणांशी खेळला. ४७ डाव जिंकला, २ बरोबरीत सुटले, १ हरला. या पटावरून त्या पटावर जायला लागलेला वेळ त्याच्या कुठल्याही घड्याळातून वजा झाला नाही. ऑनलाइन सायमलमध्ये प्रत्येक पटाला स्वतःचं घड्याळ असतं. तुम्ही तिसऱ्या पटावर डोकं खाजवत असता, तेव्हा बाकीच्या पटांवर तुमचाच वेळ जळत असतो. त्यामुळे एकट्या डावात जो लॅग, म्हणजे नेट आणि संगणकामुळे होणारा उशीर, जाणवतही नाही, तो दहा पटांवर डाव घालवू शकतो.

पहिल्यांदाच सायमल ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. शेवटी थोडं समोर बसणाऱ्यांसाठीही आहे.

आधी हिशेब

राउटरला हात लावण्याआधी कागद घ्या. समजा समोर १० जण आहेत आणि एका चालीला तुम्ही सरासरी ८ सेकंद विचार करता. एक फेरी झाली ८० सेकंदांची. तुम्ही परत येईपर्यंत प्रतिस्पर्धी चाल करून बसलेला असेल, असं नवख्या यजमानाने गृहीतच धरावं. म्हणजे प्रत्येक पटावर एका चालीमागे तुमचे साधारण ८० सेकंद जाणार. ४० चालींच्या डावाला ३,२०० सेकंद, म्हणजे ५३ मिनिटं २० सेकंद. घड्याळात ६० मिनिटं असतील तर निभावलं.

आता प्रत्येक पटावर फक्त दीड सेकंद फुकट जातोय असं धरा: चाल सर्व्हरला पोहोचणं, पुढचा पट उघडणं, माउस योग्य मोहऱ्यावर नेणं, सगळं मिळून. फेरी ९५ सेकंदांची होते आणि ४० चालींना ३,८०० सेकंद लागतात. ६३ मिनिटं २० सेकंद. विचार तेवढाच केला, चाली त्याच खेळल्या, आणि घड्याळ संपलं. काही डाव मध्येच संपतात आणि फेरी आखडते, हे खरं. पण पहिल्या वीस चालींत फारसं कोणी उठून जात नाही, आणि विचाराला खरा वेळ त्यानंतरच लागतो.

त्या दीड सेकंदात नेटचा वाटा किती? पिंग, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंद असेल तर सेकंदाचा पाचवा भाग. वाया गेलेल्या ६०० सेकंदांपैकी नेटने खाल्ले ८०, उरलेले ५२० पान उघडण्यात आणि हातात गेले. नवखे लोक इंटरनेट कंपनीला फोन लावतात तो या ८० सेकंदांसाठी.

सर्व्हर भरपाई देतो, पण किती

लॅगची भरपाई ही जुनी सोय आहे. एफआयसीएस या जुन्या मोफत सर्व्हरवर त्यासाठी टाइमसील नावाचा छोटा प्रोग्रॅम होता, इंटरनेट चेस क्लबवर टाइमस्टॅम्प. चाल तुमच्या संगणकावर कधी पोहोचली आणि उत्तर कधी निघालं याची नोंद तिथेच व्हायची, म्हणजे वाटेत गेलेला वेळ तुमच्या नावावर पडत नसे. आजचे सर्व्हरही आपापल्या पद्धतीने हेच करतात. लिचेस ही मोफत बुद्धिबळ साइटही नेटमुळे गेलेला वेळ काही प्रमाणात परत देतो. डावाचा वेळ किती आणि आतापर्यंत भरपाई किती दिली, यावर मर्यादा ठरते. मर्यादा हवीच. नाहीतर कोणीही मुद्दाम नेट अडखळवून विचाराला फुकट वेळ मिळवेल.

सायमलच्या यजमानाला या भरपाईचा आधार फार थोडा, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. भरपाई ज्या पटावर चाल केली त्याच पटाच्या घड्याळात मिळते. पहिल्या पटावरची चाल सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याची वाट तुम्ही बघत असता, तेव्हा बाकीच्या नऊ पटांवर तुमची घड्याळं चालूच असतात, आणि त्या पटांच्या दृष्टीने तो तुमचा विचाराचा वेळ. वरच्या हिशेबात एका पटावर नेटमुळे गेलेल्या ८० सेकंदांपैकी भरपाई पूर्ण मिळाली तरी ती त्या पटाच्या स्वतःच्या ४० चालींची, म्हणजे ८ सेकंद. पान उघडायला लागलेल्या वेळाला तर भरपाई नाहीच.

मोजून बघा

स्पीड टेस्टचा आकडा इथे कामाचा नाही. कुठल्या घरातून कुठल्या घरात, एवढीच माहिती एका चालीत असते. तिच्यासाठी १०० एमबीपीएस आणि ५ एमबीपीएस सारखेच. बघायचा तो पिंग, आणि त्याहून जास्त बघायचा त्यातला चढउतार.

पिंगची एक खालची मर्यादा भूगोलच ठरवतो. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन येऊन १ मिलिसेकंद. लिचेसचे सर्व्हर फ्रान्समध्ये आहेत. तुम्ही तिथून ७,००० किलोमीटरवर असाल तर ७० मिलिसेकंद कोणीच कमी करू शकत नाही, आणि तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसल्याने प्रत्यक्ष आकडा याच्या बराच वर असतो. लिचेसच्या पानावर वर आपल्या नावावर क्लिक केलं की दोन आकडे दिसतात: तुमच्यापासून सर्व्हरपर्यंतचा पिंग, आणि सर्व्हरला चाल हाताळायला लागणारा वेळ. दुसरा सगळ्यांना सारखाच असतो. तो वाढलेला असेल तर दोष तुमच्याकडे नाही, गप्प बसून वाट बघा.

पिंग स्थिर १८० असेल तर सायमल बिनघोर खेळता येते. पिंग एरवी ४० आणि मधूनच ९०० वर उडी मारत असेल तर तो नीट करा. बुद्धिबळाच्या साइट्स जोडणी अशी ठेवतात की निरोप क्रमानेच पोहोचतात. वाटेत एक पॅकेट, म्हणजे निरोपाचा एक तुकडा, हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. पट गोठतो आणि मग तीन गोष्टी एकदम घडतात, तो हा प्रकार.

दोष कुठे आहे ते शोधायला दहा मिनिटं लागतात. राउटरच्या मागे किंवा तळाशी त्याचा पत्ता छापलेला असतो, टिंबांनी जोडलेले चार आकडे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल. इंग्रजीत पिंग हा शब्द, मोकळी जागा आणि तो पत्ता टाइप करा. विंडोजमध्ये पिंग चार वेळा विचारून थांबतो. चालू ठेवायचा तर शेवटी एक जागा सोडून वजा-चिन्ह आणि टी हे अक्षर जोडा. बाकी दोन्हीकडे तो चालूच राहतो. थांबवायला कंट्रोल आणि सी. दोन-तीन मिनिटं आकडे नुसते बघत राहा.

३, २, ४, ३, ३, २१०, ४, ३, मग एक ओळ नुसती ‘टाइम्ड आउट’ची, पुन्हा ३. असं दिसलं तर बाहेरच्या लाइनला बोल लावू नका. राउटर शेजारच्या खोलीत आहे, तिथपर्यंत जाऊन यायला २१० मिलिसेकंद लागतात याचा अर्थ वाय-फाय अडखळतंय. राउटरचे आकडे सरळ आणि साइटचा पिंग मात्र उड्या मारतोय, तर गडबड पुढे आहे. त्यातही एक चाचणी बाकी राहते: एखादी मोठी व्हिडिओ फाइल अपलोडला लावा आणि साइटचा पिंग बघा. ६० चा ६०० झाला तर लाइन चांगली आहे, तुमची पॅकेट राउटरमधल्या रांगेत त्या फाइलच्या मागे उभी आहेत.

दुरुस्ती

केबल लावा. उरलेला भाग न वाचता एवढं केलं तरी बहुतेकांचं भागेल. वाय-फायवर सगळी उपकरणं एकच हवा वाटून घेतात. एक बोलतंय तोवर दुसरं थांबतं. केबलला ही भानगड नाही. राउटर लांब असेल तर सायमलपुरता संगणक राउटरजवळ न्या. थोडी ओढाताण होते, पण दोन तासांचा प्रश्न आहे.

केबल शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर या. २.४ गिगाहर्ट्झवर आजूबाजूच्या सगळ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ भिंतींपलीकडे लवकर दमतं, तेव्हा राउटरच्याच खोलीत बसा.

अपलोडची रांग हा छुपा चोर आहे. फोनवरचे फोटो आपोआप बॅकअप होत असतात, संगणकावर क्लाउड ड्राइव्ह फाइली चढवत असतो, कोणीतरी व्हिडिओ कॉलवर असतं. सायमलच्या वेळी हे सगळं थांबवा, घरातल्यांना आधी सांगून ठेवा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती चालू करा. ती लहान पॅकेटना रांगेत पुढे सोडते. स्वतःची सायमल थेट प्रक्षेपित करायची हौस असेल तर निदान पहिल्या वेळी आवरा. प्रक्षेपण म्हणजे सतत चालणारा अपलोडच.

व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय, असेल तर बंद करून मोजा, चालू करून मोजा. बहुधा तो वाट लांबवतो; क्वचित कंपनीचा मार्गच वाकडा असतो आणि व्हीपीएनने पिंग कमी होतो. आकडा सांगेल ते ऐका.

पट, टॅब आणि सेटिंग

ते ५२० सेकंद इथे वाचतात.

नवे यजमान प्रत्येक डावाला एक टॅब उघडतात. दिसायला सोयीचं वाटतं, पण ब्राउझर मागे पडलेल्या टॅबना मुद्दाम कमी वेळ देतो. क्रोममध्ये लपलेल्या टॅबचे टायमर सेकंदाला एकदाच चालतात. शिवाय प्रत्येक टॅबची सर्व्हरशी वेगळी जोडणी, आणि नेट हललं की सगळ्या एकदम परत जुळायला धावतात. माझं मत स्पष्ट आहे: एकच टॅब ठेवा आणि साइटची आपोआप पुढच्या डावावर नेणारी सोय वापरा. लिचेसवर डावाच्या पानावर ती मिळते. चाल केली की तुमची पाळी असलेला दुसरा डाव समोर येतो. हाताने शोधण्यात जाणारा सेकंद वाचतो, आणि कुठला पट राहून गेला ही धाकधूकही जाते.

चाल पक्की करण्यासाठी पुन्हा क्लिक मागणारं सेटिंग बंद करा. माउस घसरण्याच्या भीतीने काही जण ते ठेवतात. पत्रव्यवहारी डावात ठीक आहे, इथे दर चालीला अर्धा सेकंद म्हणजे दहा पटांवर ४० चालींत २०० सेकंद. मोहरे सरकण्याचं अॅनिमेशन बंद. प्याद्याची बढती आपोआप वजीर. प्रतिस्पर्ध्याची शेवटची चाल रंगाने दाखवणारी खूण मात्र चालूच ठेवा, कारण पटावर परतल्यावर ‘आता काय झालं होतं’ हे त्या दोन रंगीत घरांवरूनच कळतं. ब्राउझरमधली जाहिराती अडवणारी, भाषांतर करणारी एक्स्टेन्शन पान उघडताना मध्ये कडमडतात. नवी कोरी ब्राउझर प्रोफाइल वापरली की तो प्रश्न उरत नाही. आणि यजमानाने फोनवर खेळू नये. छोट्या पडद्यावर पट बदलण्यातच जीव जातो.

सगळं लावून झालं की दोन-तीन ओळखीच्यांना बसवून छोटी सायमल खेळा. त्यात जिंकायचं नाही. प्रत्येक पटावर तुमची चाल सोडल्यापासून पुढच्या पटावर बोट टेकेपर्यंत किती वेळ जातो, ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा. तो आकडा खाली लागणार आहे.

घड्याळ किती लावायचं

पटांची संख्या घ्या. तिला विचाराचे सेकंद अधिक स्टॉपवॉचवरचा आकडा यांच्या बेरजेने गुणा, मग ४० ने गुणा. आलेल्या सेकंदांतून दर चालीला मिळणारी वाढीव वेळ गुणिले ४० वजा करा. वरच्या उदाहरणात ३,८०० सेकंद आले; दर चालीला १० सेकंद वाढीव असतील तर ४०० वजा, राहिले ३,४००, म्हणजे ५७ मिनिटांच्या जवळ. इथे तासाभराचं घड्याळ कागदावर पुरतं, पण नेट एकदा जरी गेलं तरी कोसळतं. मी ७५ मिनिटं लावेन.

हा जास्तीचा वेळ प्रतिस्पर्ध्यांनाही द्यायची गरज नाही. लिचेसवर सायमल तयार करताना यजमानाच्या घड्याळात वेगळा वेळ घालता येतो, आणि येणाऱ्या प्रत्येक खेळाडूमागे थोडा थोडा वाढवताही येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सायमलचे डाव तिथे रेटिंगशिवायच होतात, त्यामुळे कोणावर अन्यायही होत नाही.

पट कमी ठेवा. गॅरी कास्पारोव्हने १९९८ मध्ये इस्रायलच्या संघाशी घड्याळ लावून सायमल खेळली, ती एका वेळी चार पटांवर, आणि दोन फेऱ्या मिळून ७-१ ने जिंकली. समोर अर्थात ग्रँडमास्टर दर्जाचे खेळाडू होते. पण घड्याळ लावल्यावर पटांची संख्या किती खाली आणावी लागते याचा अंदाज येतो. पहिल्या खेपेला पाच-सहा पट भरपूर झाले.

खेळ सुरू झाल्यावर

तुम्ही मोहरा नव्या घरात सोडता तेव्हा तो लगेच तिथे बसलेला दिसतो. ते चित्र तुमच्या ब्राउझरने काढलेलं असतं. सर्व्हरला अजून पत्ताही नसू शकतो. चाल खरी पोहोचली याची खूण घड्याळात असते: तुमचं थांबतं, समोरच्याचं चालू होतं. मोहऱ्याकडे बघून पुढे पळू नका, घड्याळाकडे बघून पळा. नेट ठीक असेल तर यात पापणी लवण्याइतका वेळ जातो. नेट बिघडलेलं असेल तर तुम्ही निघून जाता, मोहरा मागच्या घरात परतलेला असतो, आणि दोन फेऱ्यांनी कळतं की या पटावर आपण खेळलोच नाही.

पुन्हा जोडतोय असा संदेश दिसला की लोक पान रिफ्रेश करत सुटतात. पाच-सात सेकंद हात बांधून थांबा. जोडणी आपोआप परत येण्याचा प्रयत्न चालू असतो. तुम्ही रिफ्रेश केलं की तो मोडतो आणि सगळं पान पहिल्यापासून उतरवावं लागतं. त्यानंतरही हललं नाही तर एकदा रिफ्रेश, आणि तरीही नाही तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जा. हॉटस्पॉट संगणकाला आदल्या दिवशीच एकदा जोडून ठेवा, पासवर्ड शोधायची ती वेळ नव्हे.

पट कुठल्या क्रमाने घ्यायचे? एरवी समोर येईल तो. पण सगळ्या घड्याळांत वेळ सारखा उरत नाही, कारण काही जण पटापट खेळतात आणि त्यांच्या पटावर तुमचं घड्याळ जास्त चालतं. दर दोन-तीन फेऱ्यांनी डावांच्या यादीवर नजर टाका आणि सगळ्यात कमी वेळ उरलेल्या पटावर आधी जा. हरलेले डाव ताणू नका. एक राजीनामा दिला की प्रत्येक फेरीतले साडेनऊ सेकंद बाकीच्या सगळ्या पटांना मिळतात.

नेट पूर्णच गेलं तर

एकट्या डावात नेट गेलं तर एक डाव जातो. यजमानाचं गेलं तर सगळी घड्याळं एकदम गळू लागतात. तेव्हा काय करायचं ते सुरुवातीच्या घोषणेतच लिहा: यजमान इतकी मिनिटं दिसला नाही तर थांबायचं, विजयाचा दावा करायचा नाही, आणि वेळ संपून गेलेले डाव पुन्हा त्याच स्थितीपासून खेळायचे की निकाल मान्य करायचा. आधी ठरलेलं असलं की वाद होत नाही. निरोप द्यायला साइटच्या बाहेर एखादा ग्रुप असू द्या, कारण साइटच बंद असेल तर तिथलं चॅटही बंदच असणार.

हा प्रश्न हौशी लोकांपुरता नाही. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत भारत-रशिया सामन्यात निहाल सरिन आणि दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि दोघं वेळेवर हरले. भारताने दाद मागितली, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं. तिथे दाद मागायला अध्यक्ष होते. तुमच्या सायमलला तुमची घोषणाच आहे.

समोर बसणाऱ्यांसाठी

पट दीड मिनिट हलला नाही म्हणजे लॅग आहे असं नाही, यजमान दुसऱ्या पटांवर आहे. पान रिफ्रेश करू नका, चॅटमध्ये ‘आहात का’ विचारू नका. यजमान ते वाचायला थांबला तर तेवढा वेळ सगळ्यांचा जातो. तुमचा स्वतःचा पिंग वाईट असला तरी काळजी नको. तुम्हाला एकच पट सांभाळायचा आहे आणि लहानसहान लॅगची भरपाई सर्व्हर देतोच.

फोनवरून खेळत असाल तर पडदा आपोआप बंद होण्याची वेळ वाढवून ठेवा. यजमानाची वाट बघताना फोन लॉक होतो, अॅप झोपी जातं, जोडणी तुटते. मग यजमानाची चाल येते, तुमचं घड्याळ चालू होतं आणि तुम्हाला पत्ताच नसतो. दुसऱ्या अॅपमध्ये डोकावलात तरी हेच होतं. चार्जर लावून ठेवा, बॅटरी वाचवणारा मोड बंद करा, आणि आवाज चालू ठेवा म्हणजे चाल आल्याचं कानाला कळेल.